बचाव करण्याची परवानगी

समन्स येऊन आठ दिवस झाले होते. तात्यांनी ते घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत, जातीचा दाखला आणि सातबाऱ्याचा उतारा यांच्यासोबत ठेवून दिले होते. मी विहाराच्या बैठकीसाठी गावी गेलो नसतो तर ते तिथेच राहिले असते. "आरं, कोर्टाचा कागद आलाय खरं, पण तारीखच न्हाई त्यात. तारीख पडली की जाऊ म्हनलं," तात्या म्हणाले. ते माझे चुलते. चौथीपर्यंत शिकलेले, सही करणारे, आणि सही करता येते याचा अभिमान असणारे. हा अभिमानच पुढे त्यांना नडला.

त्या कागदात तारीख नव्हती, कारण तो नेहमीच्या दाव्याचा कागद नव्हता. नेहमीच्या दाव्यात समन्सवर तारीख असते, प्रतिवादी हजर होतो, कैफियत देतो, मुद्दे निघतात, साक्षीपुरावा होतो. आपल्या लोकांना कोर्टाची जी काही ओळख आहे ती या तारखांची आहे. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली एक वेगळा दावा चालतो. वकील त्याला समरी सूट म्हणतात, म्हणजे संक्षिप्त दावा. वचनचिठ्ठी, हुंडी, लेखी करार किंवा लेखी हमी यांवरून ठरावीक रक्कम मागायची असेल तर तो लावता येतो. यात प्रतिवादीला बोलण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो मागून घ्यावा लागतो. आधी कोर्टाची परवानगी, मग बचाव.

'परवानगी' या शब्दाशी आपले नाते जुने आहे. पाणवठ्यावर जायला परवानगी, चावडीवर बसायला परवानगी, मेलेले ढोर ओढायला मात्र हुकूम. त्यामुळे आपल्या कार्यकर्त्यांना हा कायदा प्रथम समजावून सांगितला की ते संतापतात. तो संताप मला समजतो. पण नुसत्या संतापाने दहा दिवस थांबत नाहीत, म्हणून आधी हे दहा दिवस नीट समजून घेऊ.

समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने स्वतः किंवा वकिलामार्फत कोर्टात हजेरी नोंदवायची आणि आपला पत्ता द्यायचा. हजेरी नोंदवल्याची सूचना त्याच दिवशी वादीच्या वकिलाला द्यायची. हजेरी नोंदवली नाही तर वादीच्या फिर्यादीतला मजकूर कबूल आहे असे धरले जाते आणि हुकूमनामा होतो. साक्ष नाही, उलटतपासणी नाही. हजेरी नोंदवली की वादी दुसरे समन्स बजावतो, त्याला समन्स फॉर जजमेंट म्हणतात. त्यासोबत त्याचे शपथपत्र असते : रक्कम अमुक, कारण तमुक, आणि प्रतिवादीला कसलाही बचाव नाही असे माझे मत आहे. हे दुसरे समन्स मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवस. या दुसऱ्या दहा दिवसांत शपथपत्रासह अर्ज करायचा : मला बचाव करण्याची परवानगी द्या, त्याची कारणे ही.

पहिल्या हजेरीच्या वेळी दिलेल्या पत्त्याला फार महत्त्व आहे. त्या पत्त्यावर कागद ठेवला की तो बजावला गेला असे धरले जाते. ऊसतोडीला गेलेल्या माणसाने गावाकडचा पत्ता दिला आणि कागद घराच्या कडीला अडकून राहिला, तर दुसरे दहा दिवस त्याच्या नकळत संपतात. मी आता वकिलाच्या कार्यालयाचाच पत्ता देतो.

हे सगळे मी इतक्या ठामपणे सांगतो त्यामागे माझी एक चूक आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २००९ साली, वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत, वस्तीतल्या एका विधवा मावशीचे असेच प्रकरण माझ्याकडे आले. हजेरी मी वेळेत नोंदवली. दुसरे समन्स आल्यावर मात्र परवानगीचा अर्ज न करता मोठ्या उत्साहाने बारा पानांची कैफियत दाखल केली. सामाजिक अन्यायाचा सगळा इतिहास तिच्यात होता. न्यायाधीशांनी विचारले, परवानगीचा अर्ज कुठे आहे? तो नव्हता. परवानगी नाही म्हणजे कैफियत नाही. हुकूमनामा झाला. पुढे दरखास्त निघाली, आणि मावशींची दुभती म्हैस आणि घरातली दोन पिंपे जप्तीत गेली. उशीर माफ करून मागता येतो, हुकूमनामाही विशेष कारण दाखवून रद्द करून घेता येतो, हे नियम मला नंतर कळले. तोवर मावशींनी माझ्याकडे येणे सोडले होते. त्या आजही मला 'वकीलसाहेब' म्हणतात, पूर्वी 'बाळा' म्हणत.

हा आदेश मुळात आपल्यासाठी लिहिलेलाच नव्हता. हुंडी आणि बिले यांवर चालणाऱ्या मोठ्या शहरांतल्या व्यापारासाठी तो होता. दोन व्यापारी, दोघांना लिहिता-वाचता येते, दोघांच्या वह्या आहेत. अशा ठिकाणी कागदावर विश्वास ठेवून लवकर निकाल द्यावा, यात काही गैर नाही. १९७६ च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली, तो देशातल्या सर्व दिवाणी न्यायालयांना लागू झाला. म्हणजे मुंबईच्या बाजारपेठेचा कायदा आमच्या माण-खटावच्या तालुका कोर्टात आला.

आणि याच सातारा जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी याच्या नेमका उलटा कायदा होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खते-रोखे जाळले आणि दंगे पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्यात कोर्टावर जबाबदारी टाकली होती की, कर्जाच्या दाव्यात नुसता रोखा पाहू नये. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार सुरुवातीपासून तपासावा, मूळ रक्कम किती, व्याज किती, प्रत्यक्ष हातात काय पडले ते पाहावे. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८८३ मध्ये, कारण कायदा झाल्यावरही कोर्टकचेरीतली लूट थांबली नव्हती. तो कायदा आज नाही. आज कोर्ट कागदापासून सुरुवात करते, आणि कागदाच्या मागे चला असे सांगण्याची जबाबदारी कर्जदारावर आहे, तीही दहा दिवसांत.

आता तात्यांचा व्यवहार सांगतो.

२०२० च्या सप्टेंबरात कोरोनाने आमचा जिल्हा होरपळला होता. तात्यांच्या थोरल्या मुलाला ऑक्सिजन लागला. सरकारी दवाखान्यात खाट मिळाली नाही, खाजगीत आगाऊ पैसे मागितले. तालुक्याच्या गावच्या एका व्यापाऱ्याने रातोरात ८०,००० रुपये रोख दिले. त्या वेळी त्याने दोन कागदांवर सह्या घेतल्या. एक पाचशेच्या स्टँपवरचे साठेखत : तात्यांची दोन एकर जमीन १२ लाखांना विकायची ठरली, ४ लाख रुपये विसार पोचला, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी विकणाऱ्याने आणायची. दुसरा कागद कोरा, खाली महसुली तिकीट, तिकिटावर तात्यांची सही. मुलगा वाचला. २०२१ मध्ये शेळ्या विकून तात्यांनी २५,००० रुपये परत केले. ते मुलाच्या बँक खात्यातून व्यापाऱ्याच्या पुतण्याच्या खात्यात गेले. २०२३ मध्ये दावा आला. फिर्यादीत साठेखताचा उल्लेख नाही. जमिनीचा शब्द नाही. कोऱ्या कागदाची वचनचिठ्ठी झाली होती : ४ लाख रुपये हातउसने, व्याज दरसाल दर शेकडा १८.

जमीन हवी असलेल्या माणसाने पैशाचा दावा का लावला? याचे उत्तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात आहे. तिथे 'नवीन व अविभाज्य शर्त' असे लिहिलेले आहे. ही महार वतनाची जमीन. गावाची आणि सरकारची रात्रंदिवस बिनबोभाट चाकरी करायची आणि त्या बदल्यात हा तुकडा कसायचा, असे ते वतन. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने त्याला सरकारी शिक्का बसला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ही वतने म्हणजे गुलामीचे दावे आहेत हे त्यांनी सांगितले, आणि विरोधापुढे पुढच्या वर्षी ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. चाकरी कायद्याने संपली ती कनिष्ठ गाववतने नाहीशी करण्याच्या १९५८ च्या मुंबई कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. जमीन पुन्हा वतनदारालाच मिळाली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि सरकारचा नजराणा भरल्याशिवाय ती विकता येणार नाही, या अटीवर. व्यापाऱ्याला ही अट माहीत होती. नजराणा भरण्याची त्याची तयारी नव्हती. तेव्हा आधी पैशाचा हुकूमनामा मिळवायचा आणि मग त्या दडपणाखाली जमिनीचा सौदा पुढे रेटायचा, असा हिशेब असावा. असावा म्हणतो, कारण त्याच्या मनातले मी शपथेवर सांगू शकत नाही.

इथे आपल्या कार्यकर्त्यांची एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. 'वतनाची जमीन आहे, व्यवहारच बेकायदा, मग पैसे कशाला द्यायचे?' असे सभेत म्हटले की टाळ्या पडतात. कोर्टात तेवढ्याने भागत नाही. परवानगी मिळेल या अटीवर केलेले साठेखत आपोआप बेकायदा ठरत नाही. आणि करार निरर्थक ठरला तरी, त्याखाली जो लाभ घेतला तो परत करावा असे भारतीय करार कायद्याचे कलम ६५ सांगते. दलितांची प्रत्येक जमीन विकायला बंदी आहे असेही नाही. वतनाच्या, सरकारने अटीवर दिलेल्या जमिनींचा प्रश्न वेगळा, स्वतः खरेदी केलेल्या जमिनीचा वेगळा. वतनाची अट ही आपली तलवार नव्हे. ती व्यवहाराचे खरे रूप दाखवणारा पुरावा आहे.

नवव्या दिवशी तात्यांची हजेरी नोंदवली. दुसरे समन्स सव्वा महिन्याने आले. आता शपथपत्र लिहायचे होते, आणि खरी परीक्षा इथेच होती.

चावडीजवळच्या हॉटेलात बसणाऱ्या जाणत्यांनी तात्यांना सल्ला दिला होता : सही माझी नाही म्हण, पैसे घेतलेच नाहीत म्हण. कोर्टात सगळेच खोटे बोलतात, आपणच का खरे बोलायचे? हा प्रश्न मी उडवून लावत नाही. ज्याला खऱ्याचा कधी फायदा झाला नाही त्याने खरे का बोलावे, हे त्याला पटवून द्यावे लागते. पण तात्यांनीच तो प्रश्न सोडवला. "पोरगं वाचलं त्या पैशावर. घेतलं न्हाई असं कसं म्हनू? पण चार लाख म्या डोळ्यानं बघितलं न्हाईत." यापेक्षा चांगला मसुदा मला कुठल्याही पुस्तकात सापडला नसता.

कायद्याच्या भाषेतही तोच मसुदा उपयोगाचा होता. परवानगीच्या अर्जात आपण दावा जिंकायचा नसतो. तपासण्याजोगा, प्रामाणिक असा काही बचाव आपल्याकडे आहे, एवढेच दाखवायचे असते. मात्र तो तपशिलाने दाखवावा लागतो. 'दावा खोटा आहे, मान्य नाही' या नुसत्या वाक्याला कोर्ट किंमत देत नाही. म्हणून आम्ही लिहिले : अमुक रात्री ८०,००० रोख मिळाले, ते दवाखान्यात भरले, त्याची पावती ही. २५,००० परत केले, बँकेचा उतारा हा. बाकी ५५,००० देणे आहे, हे कबूल आहे. वचनचिठ्ठीवर जी तारीख आणि जी रक्कम आहे, तीच तारीख आणि तीच रक्कम साठेखतात विसार म्हणून आहे. साठेखताची झेरॉक्स ही. एकच ४ लाख रुपये एकाच दिवशी विसारही होते आणि हातउसनेही होते, हे कसे? वादीने साठेखत कोर्टापासून का लपवले? जमीन आजही माझ्या वहिवाटीत आहे.

ती झेरॉक्स तात्यांनी त्याच रात्री हट्टाने मागून घेतली होती. का मागितली, हे त्यांनाही सांगता येत नाही. आपल्या माणसांना मी एकच गोष्ट परत परत सांगतो : ज्या कागदावर सही कराल त्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

कोऱ्या कागदाचा मुद्दा नाजूक होता. महसुली तिकीट लावलेल्या कोऱ्या कागदावर सही करून दिली तर घेणाऱ्याला तो भरण्याचा अधिकार मिळतो, असे १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम २० सांगते, आणि कलम ११८ प्रमाणे मोबदला मिळाला असेच आधी गृहीत धरले जाते. त्यामुळे 'कागद कोरा होता' एवढे म्हणून चालत नाही. पण त्याच कलम २० ला परंतुक आहे : सही करणाऱ्याने जेवढी रक्कम देण्याचे मनात धरले होते त्यापेक्षा जास्त वसूल करण्याचा हक्क फक्त अशा त्रयस्थाला आहे, ज्याच्याकडे तो कागद पुढे प्रामाणिकपणे आणि मोबदला देऊन आला. ज्याने स्वतः कोरा कागद भरला त्या व्यापाऱ्याला नाही. हे परंतुक वाचायला फारसे कोणी थांबत नाही.

दुसरा मुद्दा सावकारीचा. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ प्रमाणे, कर्ज देताना सावकाराकडे वैध परवाना होता अशी खात्री झाल्याशिवाय कोर्टाने त्याला हुकूमनामा देऊ नये. पण एखाद्याने एकदा कोणाला पैसे दिले म्हणून तो सावकार होत नाही. धंदा दाखवावा लागतो. तेव्हा वस्तीत विचारपूस करणे भाग होते. पहिल्या बैठकीत सगळे गप्प. कर्ज म्हणजे अब्रूचा प्रश्न, आणि त्याच दुकानातून बी-खत उधार यायचे. बोलल्या त्या बचत गटातल्या बायका. आपल्या नवऱ्यांनी कुठे सह्या केल्या होत्या हे त्यांना नेमके ठाऊक होते. अखेर आणखी तीन घरांत तशीच तिकिटे आणि तशाच सह्या निघाल्या. तिघांपैकी दोघांनी शपथपत्र दिले. तिसऱ्याने दिले नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

वकिलाचा खर्च कुठून आणायचा, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच त्याची समिती असते. ती पाटी अनेक कोर्टांत जिन्याखाली लावलेली असते, पण असते.

सुनावणीत वादीच्या वकिलांनी सांगितले की परवानगी द्यायचीच तर पूर्ण ४ लाख भरायला लावा. अशी अट कधी घालता येते? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या खटल्यात याची पायरीपायरीने मांडणी केली. बचाव भक्कम असेल, किंवा तपासण्याजोगा आणि प्रामाणिक वाटत असेल, तर सामान्यतः बिनशर्त परवानगी. बचावाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका असेल तर अटी, त्यात पैसे भरणेही आले. बचाव संभवतो पण खरा वाटत नाही असे असेल तर पूर्ण रकमेपर्यंतही अट. आणि मुळात बचावच पोकळ किंवा केवळ त्रास देण्यासाठी असेल तरच नकार. सही नाकारण्याचा हॉटेलातला सल्ला तात्यांनी मानला असता तर ते या उतरंडीत खालच्या पायरीवर गेले असते. म्हणून म्हणतो, परवानगी या शब्दाने बिथरून जाऊ नये. ही पाटलाची मर्जी नव्हे. बचावात दम नाही अशी खात्री झाल्याशिवाय परवानगी नाकारू नये, असे बंधन संहितेने न्यायाधीशावरच घातले आहे.

मात्र संहितेत दुसरेही एक बंधन आहे. जेवढी रक्कम कबूल केली तेवढी कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. खरे बोलण्याची किंमत ५५,००० रुपये होती, आणि ती रोख मोजायची होती. तीस हजार बचत गटाने दिले. दहा हजार तात्यांच्या मुलाने उचल घेऊन आणले, म्हणजे एका कर्जातून सुटण्यासाठी दुसरे. उरलेल्या पंधरासाठी तात्यांनी बैलजोडीतला एक बैल विकला. एका बैलाची शेती होत नाही. त्या साली पेरणी शेजाऱ्याच्या बैलावर पैरा करून झाली. चार लाखांतून वाचवले म्हणून मला कोणी शाबासकी देऊ लागले की मला तो रिकामा दावा आठवतो.

हुकूम झाला : कबूल रक्कम भरली आहे, बाकीच्या रकमेबाबत बिनशर्त परवानगी. तीस दिवसांत कैफियत दिली. या वेळी ती पाच पानांचीच होती. दावा आता नेहमीच्या दाव्यासारखा चालतो आहे, पुराव्याच्या टप्प्यावर आहे. वादीची उलटतपासणी दोनदा तहकूब झाली. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. तात्या प्रत्येक तारखेला स्वच्छ टोपी घालून येतात आणि नाव पुकारेपर्यंत बाकावर ताठ बसून राहतात.

गेल्या महिन्यात ज्या तिसऱ्या माणसाने शपथपत्र दिले नव्हते त्यालाही समन्स आले. तारीख नसलेले. तो तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. सोबत त्याची बायको होती, आणि कागद तिच्या हातात होता.